साखर आमच्या घराण्यातच आहे

तर मंडळी, झालं असं की गेल्या महिन्यात हापिसात वार्षिक हेल्थ चेकअप होतं. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग कंपनीच्या खर्चानं इडली-सांबार हाणायचं, आणि आठवड्यानं मेलमध्ये येणारा रिपोर्ट न उघडता तसाच ठेवून द्यायचा, ही आमच्या टीमची जुनी परंपरा. यावेळी मी तो उघडला आणि विकांताची वाट लागली. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६४ किलो, बीएमआय २२.१. इथवर सगळं हिरव्या रंगात. त्याखाली उपाशीपोटीची साखर १०८, ट्रायग्लिसराइड्स २१० आणि कंबर ९१ सेंटिमीटर. हे तिन्ही आकडे लाल रंगात.

"तुला कसली रे साखर? तू तर हडकुळा आहेस!" शेजारच्या क्युबिकलमधला मित्र म्हणाला. नेमकं हेच वाक्य मी लहानपणापासून बाबांच्या बाबतीत ऐकत आलोय. मी आठवीत होतो तेव्हा बाबांना डायबेटिस निघाला. बाबा म्हणजे सडपातळ माणूस, हातपाय काटकुळे, आणि शर्टाच्या आत जेमतेम दिसेल एवढं छोटंसं पोट. अशा माणसाला साखर निघते म्हणजे तो लपूनछपून गोड खात असणार, असा घरातल्या सगळ्यांनी निष्कर्ष काढला. आई त्यांच्या डब्यावर नजर ठेवायची. मी इंजिनिअरिंगला गेल्यावर अर्धवट ज्ञानाच्या जोरावर त्यांना "बाबा, तोंडावर जरा ताबा ठेवा" असं लेक्चरही दिलं होतं. ते काही बोलले नाहीत. आजी तेवढी म्हणाली, "त्याला कशाला बोलतोस? साखर आमच्या घराण्यातच आहे." मी हसलो होतो.

आता लाल आकडे माझ्या नावावर आले म्हटल्यावर हसू आटलं. मग तीन विकांत बसून या प्रकरणाचा इतिहास वाचून काढला. (नवीन मोड्युल हातात आलं की आधी जुने बदल वाचायचे, ही सवय इथे कामाला आली.) मी काही डॉक्टर नाही, पण जे वाचलं ते इतकं रंजक आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि डायबेटिस म्हणजे इन्सुलिनची कमतरता हे समीकरण पक्कं झालं. साधं, सरळ, कळायला सोपं. पण हॅरोल्ड हिम्सवर्थ नावाच्या डॉक्टरला काही पेशंट या समीकरणात बसेनात. त्यानं पेशंटांना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी द्यायचं आणि रक्तातली साखर मोजत राहायची असा प्रयोग केला. काहींची साखर इन्सुलिनमुळे आटोक्यात राहायची. काहींची मात्र इन्सुलिन देऊनही वर जायची, म्हणजे त्यांचं शरीर इन्सुलिनला दादच देत नव्हतं. १९३६ साली हिम्सवर्थनं 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की डायबेटिस दोन जातींचा आहे, आणि दुसर्‍या जातीत अडचण इन्सुलिनच्या अभावाची नसून त्याला मिळणार्‍या प्रतिसादाची आहे. आपण ज्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतो, तो हाच.

पण पुरावा हवा तर रक्तातलं इन्सुलिन मोजता यायला हवं, आणि ते तेव्हा येत नव्हतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन या जोडीनं किरणोत्सर्गी आयोडीन वापरून ती मोजमापाची पद्धत शोधली. १९६० साली त्यांनी दाखवून दिलं की मोठ्या वयात डायबेटिस झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हे, उलट भरपूर असतं! दार उघडत नाही म्हणून शरीर आणखी जोरात कडी वाजवत राहतं, तसा प्रकार. यालोबाईंना पुढे १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन १९७२ सालीच गेले, त्यामुळे ते राहून गेले.

याच दरम्यान फ्रान्समध्ये मार्सेलचा एक डॉक्टर, ज्याँ व्हाग, वेगळ्याच दिशेनं विचार करत होता. त्यानं १९४७ साली मांडलं की माणूस किती जाड आहे यापेक्षा कुठे जाड आहे हे महत्त्वाचं. चरबी मांड्या-नितंबांवर असेल तर त्रास कमी, शरीराच्या वरच्या भागात आणि पोटावर असेल तर डायबेटिस आणि हृदयविकार जास्त. आज हे वाचून "त्यात काय एवढं" वाटेल, पण ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या मुख्य रस्त्यावर यायला पुढची तीसेक वर्षं लागली. वजनकाटा प्रत्येक दवाखान्यात असतो, चरबीचा नकाशा कोण काढणार?

आता आजीच्या 'घराण्या'कडे वळू. १९६२ साली मिशिगन विद्यापीठातल्या जेम्स नील या जनुकशास्त्रज्ञानं एक अगदी बाळबोध वाटणारा प्रश्न विचारला. डायबेटिस घराण्यातून येतो हे दिसतंय, तो नुकसानकारक आहे हेही दिसतंय, मग निसर्गानं ही जनुकं केव्हाच गाळून का टाकली नाहीत? त्याचं उत्तर असं की कधीतरी ही जनुकं फायद्याची असणार. शिकारीवर जगणार्‍या माणसाला कधी मेजवानी तर कधी आठवडाभर उपास. ज्याचं शरीर मिळालेल्या अन्नाची चरबी पटापट साठवेल तो दुष्काळात तगेल. हा 'काटकसरी' जनुकांचा सिद्धांत. दुष्काळ संपला, किराणा दुकानं आली, आणि काटकसर अंगाशी आली.

हा सिद्धांत इतका देखणा आहे की ऐकल्यावर लगेच पटतो. इथेच सावध व्हायला हवं. आमच्याकडे एखादा बग पाच मिनिटांत 'समजला' की सिनिअर लोक संशयानं बघतात, तसंच.

सिद्धांताला उदाहरणही तयार मिळालं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये गिला नदीकाठी पिमा नावाचे मूळ रहिवासी राहतात. शेतीवर जगणारी माणसं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला नवीन वस्ती करणार्‍यांनी नदीचं पाणी वळवलं आणि यांची शेती गेली. १९६५ पासून सरकारी संशोधकांनी इथे अभ्यास सुरू केला तेव्हा डायबेटिसचं प्रमाण थक्क करणारं निघालं. झालं, काटकसरी जनुकं सापडली म्हणून डंका वाजला. पण याच पिमांचे भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोत डोंगराळ भागात राहतात आणि शेतात राबतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अमेरिकेतल्या पिमांमध्ये डायबेटिस ३८ टक्के, तर मेक्सिकोतल्यांमध्ये ६.९ टक्के. जनुकं जवळपास तीच, फरक जगण्यात. म्हणजे 'घराणं' खरं, पण नदी कुणी वळवली तेही खरं.

आता आपल्याकडे येऊ. १९९१ साली पॉल मकीग यांनी पश्चिम लंडनच्या साउथॉल भागातला अभ्यास मांडला. तिथल्या दक्षिण आशियाई लोकांत डायबेटिस १९ टक्के, युरोपियन लोकांत ४ टक्के. आणि आपल्या लोकांचं पोट कंबरेच्या हिशोबात जास्त सुटलेलं. दुसर्‍या बाजूला डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स या इंग्रज संशोधकांनी १९९२ साली म्हटलं की जनुकं राहू द्या, आईच्या पोटात उपासमार झालेलं कमी वजनाचं बाळ पुढे डायबेटिसकडे झुकतं. काटकसर शरीर शिकतं ती गर्भातच!

या दोन धाग्यांची गाठ पडली ती चक्क पुण्यात. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाच्या आधीपासून अभ्यास सुरू केला. बाळं जन्मली तेव्हा मापं घेतली आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५ किलो. ८०० ग्रॅमचा फरक! पण गंमत पुढे आहे. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. बारीक, तरीही चरबीदार. पुढे पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं तर आपल्या बाळांत इन्सुलिनही जास्त सापडलं. वडापाव खायला अजून दात यायचेत आणि इकडे इन्सुलिन वाढलेलं!

याज्ञिकांची दुसरी गोष्ट तर मला फारच आवडली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक पानभर मजकूर आणि दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक स्वतः याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. मशीनवर मोजलेली शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर वाय, म्हणून हा 'वाय-वाय पॅराडॉक्स'. त्यात प्रामाणिकपणे हेही लिहिलंय की युडकिन मॅरेथॉन पळतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. शिवाय याज्ञिक जन्मतःही कमी वजनाचे. म्हणजे जनुकं, गर्भ आणि लिफ्ट, तिन्ही संशयित एकाच फोटोत. माझा बीएमआय २२.१ आणि मीही तिसर्‍या मजल्यासाठी लिफ्टची वाट बघतो, त्यामुळे हे वाचताना जरा चपापलोच.

मग आला जनुकांचा नकाशा वाचण्याचा काळ. आता हजारो माणसांच्या डीएनएमधली लाखो ठिकाणं एका दमात तपासता येऊ लागली. २००७ साली ब्रिटनमधल्या गटाला एफटीओ नावाच्या जनुकात एक फरक सापडला. ज्यांच्याकडे त्याच्या दोन्ही प्रती होत्या त्यांचं वजन सरासरी ३ किलोनं जास्त. २००८ साली लंडनच्या चेंबर्स आणि कूनर यांच्या गटानं हाच प्रयोग मुद्दाम भारतीय वंशाच्या २,६८४ लोकांपासून सुरू केला. त्यांना एमसी४आर या जनुकाजवळ एक फरक मिळाला, तो कंबरेशीही जोडलेला आणि इन्सुलिन रेझिस्टन्सशीही. दोन्ही प्रती असल्या तर कंबर सुमारे २ सेंटिमीटरनं जास्त. हे जनुक मेंदूत काम करतं, भूक आणि पोट भरल्याची जाणीव सांभाळतं. २००९ साली याज्ञिकांच्या गटानं एफटीओचा फरक आपल्या लोकांत तपासला, तर त्याचा डायबेटिसशी असलेला संबंध नुसत्या वजनानं पुरता उलगडेना.

वजनानं उलगडेना, म्हणजे आणखी काहीतरी आहे. काय?

याचं उत्तर आलं ते एका अनपेक्षित दिशेनं, चरबीच नसलेल्या माणसांकडून. स्कॉटलंडमधल्या डनिगन या डॉक्टरांनी १९७४ साली एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं. या लोकांच्या हातापायांवरची आणि नितंबांवरची चरबी वयात येताना नाहीशी होते. दंड-पोटर्‍या एकदम पैलवानासारख्या दिसतात. आपल्या जुन्या समजुतीप्रमाणे यांची साखर झकास हवी. प्रत्यक्षात यांना भयंकर इन्सुलिन रेझिस्टन्स, ट्रायग्लिसराइड्स आकाशाला भिडलेले आणि तरुणपणीच डायबेटिस! २००० साली या आजारामागचं जनुकही सापडलं. त्याच वर्षी चरबीविना जन्मलेल्या, डायबेटिस असलेल्या उंदरांवर एक प्रयोग झाला. त्यांच्या अंगात दुसर्‍या उंदरांची चरबी बसवली आणि त्यांचा डायबेटिस बरा झाला. चरबी घातल्यावर बरा झाला, हे मी दोनदा वाचलं.

म्हणजे त्वचेखालची चरबी हा कचरा नाही, ते गोदाम आहे. जेवणातून आलेली जास्तीची ऊर्जा तिथे सुरक्षित ठेवली जाते. गोदाम मोठं असेल तर माणूस जाड दिसेल, पण बरीच वर्षं निभावून नेईल. गोदाम लहान असेल तर थोड्याशा मालानंच ते भरतं, आणि उरलेला माल जागा मिळेल तिथे जातो, म्हणजे लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये, आतड्यांभोवती. तिथे तो इन्सुलिनच्या निरोपात अडथळा आणतो. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाची डिस्क भरली आणि सिस्टिम भलत्याच ठिकाणी लिहायला लागली. मशीन बंद पडतं ते डेटा किती यावर नाही, डिस्क केवढी यावर. पायोग्लिटाझोन नावाची डायबेटिसची गोळी आहे, ती चरबीच्या नवीन पेशी तयार करणारं बटण दाबते. पेशंटचं वजन थोडं वाढतं आणि तरी इन्सुलिनचं काम सुधारतं. गोदाम वाढवलं की माल लिव्हरमधून परत गोदामात जातो.

आता सगळ्यात मजेदार योगायोग. नीलनं कल्पिलेल्या काटकसरी जनुकासारखं काही २०१६ साली खरंच मिळालं, पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर. तिथल्या लोकांत सर्रास आढळणारा सीआरईबीआरएफ या जनुकातला एक बदल. प्रयोगशाळेत तो चरबीच्या पेशींना जास्त साठवायला आणि कमी खर्च करायला लावतो, अगदी नीलच्या वर्णनाबरहुकूम. त्याच्या प्रत्येक प्रतीमागे बीएमआय सुमारे १.४ नं वाढतो. पण हा बदल असलेल्यांना डायबेटिस कमी होतो! ५४ वर्षांनी काटकसरी जनुक हाती लागलं ते उलट बाजूनं साक्ष द्यायला.

२०१७ साली केंब्रिजच्या गटानं लाखाहून जास्त लोकांचा डेटा एकत्र करून डीएनएमधली ५३ ठिकाणं काढली. ती ज्यांच्यात जास्त जमतात त्यांना इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त, आणि त्यांच्या पायांवर चरबी मात्र कमी. डनिगनचे पेशंट एका टोकाला होते, पण त्याची सौम्य आवृत्ती आपल्या आजूबाजूला हजारो लोकांत आहे. एका बिघडलेल्या जनुकामुळे नाही, पन्नासेक बारीकसारीक फरकांची बेरीज होऊन. २०२४ साली ब्रिटनमधल्या पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्या लोकांवरचा अभ्यास आला. कमी वयात डायबेटिस होण्यामागे दोन प्रकारचा आनुवंशिक वाटा दिसला. एक, इन्सुलिन कमी बनवण्याचा. दुसरा, हाच, चरबी नीट न साठवता येण्याचा. हे आपल्या अगदी शेजारचे लोक.

आजी, तू बरोबर होतीस. फक्त घराण्यात साखर नव्हती, घराण्यात गोदाम लहान होतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळं जनुकांवर ढकलून मोकळे! तसं नाही. ते २ सेंटिमीटर आठवा. पोटाचा धोका पुरुषांत ९० सेंटिमीटरपासून धरतात, माझी कंबर ९१. एमसी४आरचे दोन सेंटिमीटर त्यात असतीलच असं नाही, आणि असले तरी बाकीचे माझ्या टपरीवरच्या उधारीचे आहेत. सुटे फरक लहान असतात. गोदामाचा आकार जन्मानं मिळतो, त्यात रोज किती ट्रक माल उतरवायचा हे बर्‍यापैकी आपल्या हातात असतं. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांचा २०२३ सालचा एक छोटासा अभ्यास आहे. फारसं वजन नसलेले, तरीही डायबेटिस असलेले २० जण. त्यांनी सरासरी साडेसहा टक्के वजन घटवलं आणि १४ जणांचा डायबेटिस माघारी फिरला. ज्यांना सगळे "तू तर बारीकच आहेस" म्हणतात, त्यांच्यासाठीही चार किलो म्हणजे पुष्कळ काही असू शकतं. (हे माझ्या भरवशावर करू नका, आपल्या डॉक्टरला विचारून करा.)

मला या सगळ्यात खटकत राहिली ती वेगळीच गोष्ट. हिम्सवर्थपासून आजवर नव्वदेक वर्षं शास्त्रज्ञ जे हळूहळू सोडवत आलेत, त्याचा निकाल आम्ही घरात एका दुपारी लावून टाकला होता. जाड माणसाला डायबेटिस झाला तर तो खादाड, बारीक माणसाला झाला तर तो चोरून खाणारा. तिसरी शक्यताच नाही. आणि बाबा वर्षानुवर्षं ते ऐकून घेत गुमान बिनसाखरेचा चहा पीत राहिले.

काल रात्री फोन केला. हे सगळं, गोदाम वगैरे, त्यांना जमेल तसं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी पेढे खात नव्हतो हे आता इंग्लंडच्या लोकांनी सिद्ध केलं म्हण की!" मग थोडं थांबून, "तुझे आकडे काय आलेत?" मी सांगितले. त्यावर पेढ्यांबद्दल एक अक्षरही न काढता ते म्हणाले, "तीन महिन्यांनी परत तपास. आणि सकाळी चालायला जात जा, मी उशिरा सुरू केलं."

असो. उद्यापासून तिसर्‍या मजल्यावर जिन्यानं. लिफ्टचं दार बंद होत असेल तर होऊ दे.